नऊ झाली, पाच उरली

‘तुम्हाला मुलं किती?’ असं कुणी विचारलं, तर आजी कधीच नुसतं ‘पाच’ म्हणायची नाही. ‘नव झाली, पाच उरली,’ म्हणायची. जगली नव्हे, उरली. लहानपणी मला तो शब्द जेवणातला वाटायचा. पंगत उठल्यावर तपेल्याच्या तळाला राहतो तो भात उरतो, तशी ही पाच. त्यांतली शेवटची माझी आई. तिचा जन्म १९६२ च्या पावसाळ्यातला, गोवा मुक्त होऊन सहा-सात महिने झालेले. म्हणजे आजीची गेलेली चारही मुलं ‘पाकल्याच्या राज्यात’, पोर्तुगिजांच्या अमलात, गेली. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे. ‘मोठा पूर आला त्या वर्षी’ म्हणावं तसं म्हणायची.

आमचं गाव पेडणे तालुक्यात. खाली खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली, वर काजूचं भरड आणि मधल्या उतारावर मुंडकारांची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत राहणाऱ्यांची, मातीची घरं. चांगला डॉक्टर म्हणजे नदीपलीकडे म्हापसा. पणजीला वैद्यकशाळा १८४२ पासून होती, आशियातल्या जुन्या वैद्यकशाळांमध्ये तिचं नाव घेतात. पण आजीच्या घरापासून पणजी लिस्बनइतकीच लांब होती.

चौघांची हकिकत ती सुपात तांदूळ निवडता निवडता सांगायची. खडा सापडला की बोटाने बाजूला उडवायची आणि पुढचं वाक्य. ‘पयलो सातव्या दिसा गेलो. तोंडच उघडीना.’ दुसऱ्याला हगवण लागली, दोन दिवसांत आटोपला. तिसरी मुलगी, तिला धाप लागली. आणि चौथा? चौथ्यापाशी तिचं बोट सुपात थांबायचं. ‘तो नुसतो सुकलो. सुकत सुकत गेलो. कोणाची दृष्ट म्हणा.’

पहिल्या तिघांचं मला पुढे कळलं, थोडं शाळेत, बरंचसं आईकडून. चौथ्याचं कळायला फार वर्षं लागली.

सातवा दिवस. आपल्याकडे सहाव्या रात्री सटी जागवतात. दिवा मालवायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही. सटवी येऊन कपाळावर लेख लिहून जाते. त्या रात्रीची भीती उगाच आलेली नव्हती. वयजीण, म्हणजे सुईण, नाळ कापायची ती घरातल्या कोयत्याने नाहीतर बांबूच्या धारदार कामटीने, आणि वर राख किंवा शेण लावायची. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरले की पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारं मूल मग ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. हे साधारण पहिल्या आठवड्याच्या आसपासच घडतं. सटवी कोण ते बायांना ठाऊक नव्हतं, पण तिची वेळ मात्र त्यांनी अचूक टिपून ठेवली होती. पोटुशीपणी आईला दिलेली टोचणी, उकळलेलं पातं आणि स्वच्छ दोरा एवढ्यावर हा आजार हटला. भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आजी त्याआधीच गेली. असती तरी म्हणाली असती, ‘आता सांगतंस?’

सटवीला चकवण्याचे मार्ग तरी किती! एक-दोन गेल्यावर झालेल्या मुलाला केरात टाकून शेजारणीने उचलायचं, सुपात घालून पसाभर तांदळाला ‘विकायचं’, नाव धोंडू, केरू, भिकू असं ठेवायचं. म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, हा कचरा काय न्यायचा. जुनी शाळेची हजेरीपत्रकं मी पाहिली आहेत. पानभर धोंडू आणि भिकू. त्यांतल्या प्रत्येकाच्या आधी घरात एखादं न उरलेलं मूल असणार. आता ही नावं कुणी ठेवत नाही. नाव ठेवण्याची फॅशन बदलली असं आपण सहज म्हणून जातो.

दुसऱ्याच्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला आहे. हगवण लागली की पाणी तोडायचं, अशी तेव्हाची समजूत. वरून घातलं की खालून जातं, मग घालायचं कशाला? मूल जीभ बाहेर काढून पाण्याकडे बघत राहिलं, ‘आणि मी दिला नाय,’ हे आजी एकदाच बोलली, पुन्हा कधी नाही. अतिसारात मूल मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार संपून. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, एवढीच ती किमया. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी असंच मिश्रण ड्रमांत भरून लोकांच्या हाती दिलं. कॉलऱ्याने तिथं शंभरात तीसेक माणसं मरत होती, ती संख्या चारच्या खाली आली. महालनोबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये मिळालं.

आता आमच्या रांधणीकडे या. चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेचं तपेलं सकाळपासून असायचंच. मिठाचं मडकं शेजारी. पेजेची निवळ आणि चिमूटभर मीठ, हीसुद्धा जलसंजीवनीच. औषध हाताच्या अंतरावर होतं आणि मूल तहानलेलं गेलं. मी हे आजीला कधी सांगितलं नाही. आई मला म्हणाली होती, ‘तिला सांगू नको हं.’

उकड्या तांदळाबद्दल मात्र आजीला श्रेय द्यायला हवं, तिचं नाही तर तिच्या सासू-पणजसासूचं. भात सालीसकट उकडला की कोंड्यातलं ब-जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं आणि कांडल्यावरही बरंचसं टिकतं. पांढराशुभ्र सडलेला तांदूळच ज्यांचं मुख्य अन्न, अशा मुलखांत बेरीबेरीने माणसं गेली, आणि आईच्याच दुधात ते जीवनसत्त्व नसल्यामुळे तान्ही मुलंही गेली. आमच्याकडच्या पेजेने ते संकट तरी दारातून परतवलं. सोबत नाचणीचं तिजण, कुळथाची पिठी, अळसांदे, भाजलेला बांगडा, पावसाळ्यात तायकिळा. कागदावर हा आहार इतका उत्तम दिसतो, की हल्ली शहरातले लोक तो पैसे मोजून खातात. गोव्याच्या पारंपरिक जेवणावर हळवे लेख लिहिणाऱ्यांना मला नेहमी विचारावंसं वाटतं, हे ताटात कुठल्या महिन्यात असायचं आणि कोणाच्या?

आषाढ-श्रावणात ते ताट रिकामं व्हायचं. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. ज्यांच्याकडे पैसा होता ते मे महिन्यात मीठ, मिरच्या, सुकी मासळी, कांदे, सोलं, तांदूळ भरून ठेवायचे. मुंडकाराच्या घरातलं पुरुमेंत चतुर्थीपर्यंत पुरलं तर नशीब. भाताचा वाटा भाटकाराकडे गेलेला, नवं पीक अजून शेतात, समुद्र बंद. त्यातून १९५५ च्या सुमाराला भारताने नाकेबंदी केली आणि सीमेवरची आमची गावं सावंतवाडीकडच्या बाजारालाही तुटली. आणि नेमक्या याच दिवसांत लावणी! बाया दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या. तान्हं मूल घरी, सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दूध पाजायचं ते सकाळी एकदा आणि काळोख पडल्यावर. विहिरीत गढूळ पाणी उतरलेलं, घरात ओल, माश्या, ताप. भूक, काम आणि रोग हे तिघे एकाच महिन्यात पाहुणे येत. आजीची चारांतली तीन मुलं पावसाळ्यात गेली, हे मी नंतर एकदा तिथी जुळवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं.

तिसरी, धाप लागलेली. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी नसलेली, शेगडी आणि धुरी चालू असलेली काळोखी कोंदट जागा. वारा लागू नये म्हणून दारालाही गोणपाट. त्या धुरात लहान फुप्फुसांचं काय होत असेल ते सांगायला नको. पोट उडायला लागल्यावर तिला पोटावर डाग दिले. न्यूमोनिया ओळखायला मोठं यंत्र लागत नाही: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त चालला, की धोका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांनाही हे श्वास मोजता यावेत असं साधं साधन करून दिलं आणि गावातल्या गावात औषध देऊन मुलं वाचवून दाखवली. मोजायला शिकलेलं एक माणूस घराजवळ हवं, बस्स.

माझ्या आईच्या रूपाने ते आमच्या वाडीवर आलं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतल्या मराठी शाळेत ती शिकली; मॅट्रिकपर्यंत पोचलेली घरातली पहिली मुलगी. १९८७ मध्ये ती अंगणवाडीत लागली. अंगणवाडीची योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली होती. वजनाच्या दिवशी आढ्याला काटा टांगलेला, त्याला चड्डीसारखी झोळी, झोळीत रडणारं मूल. ‘वजन केलां की दृष्ट लागता गे बाय,’ असं म्हणत बाया मुलं मागे ओढायच्या. आईने वाद घातला नाही. काट्याशेजारी काजळाची डबी ठेवली. आधी तीट, मग वजन. वरून तपासायला आलेल्या बाईंनी ती डबी बघून नाक मुरडलं होतं. पण रकाने भरलेले होते, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

चौथ्या मामाचं कोडं मला आईच्या अंगणवाडीच्या वहीपाशी सुटलं. नवीन बाळ झालं, की आई वहीत आधी त्याच्या वरच्या भावंडाचं नाव शोधायची आणि त्यावर पेन्सिलने टिंब करायची. का, विचारलं तर म्हणाली, ‘आता याच्याकडे लक्ष ठेवायचं.’ अंगावरचं दूध तुटलं आणि हाती नुसती पेज आली, की दीड-दोन वर्षांचं मूल घसरायला लागतं. आपण त्याला सुकटी म्हणतो, सूज आली तर सूजवटी. सूजवटीचं इंग्रजी पुस्तकांतलं नाव क्वाशिओरकर. ते डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गा भाषेतून उचललं. अर्थ साधारण असा: दुसरं बाळ आल्यावर दूर सारलेल्या मुलाला होणारा आजार. मी ते वाचलं आणि आजीचं थांबलेलं बोट आठवलं. तो चौथा सुकायला लागला तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते. दृष्ट कुणाची नव्हती. पाठीवर येणाऱ्या भावंडाला त्याची जागा द्यावी लागली आणि त्याच्यासाठी दुसरी जागा घरात नव्हती.

पेजेने पोट भरतं, हीच तिची अडचण. दोन वर्षांच्या मुलाचं पोट वाटीएवढं. त्यात पातळ पेज भरली की ते ढेकर देऊन निजतं, आणि वाढीला लागणारं तेल, डाळ, मासा यांना आत जागाच उरत नाही. त्यात घरात संडास नाही, अंगण शेणामातीचं, मूल रांगत सगळं तोंडात घालतं. जंतूंनी आतडं आतून खरवडलेलं असलं की खाल्लेलंही अंगी लागत नाही. मग एवढ्याशा तापाने जातं. मरण नोंदवताना ‘ताप’ लिहितात. जगभरात पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५३ देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात तर त्याहून बोचरी गोष्ट आहे: कुपोषणामुळे ओढवणाऱ्या मृत्यूंतले ८३ टक्के मृत्यू हाडांचा सापळा झालेल्या मुलांचे नसून मध्यम आणि किरकोळ बारीक असलेल्या मुलांचे. फोटोत न दिसणारी मुलं. ‘आमच्या घरात सगळेच बारीक’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात ती.

संडासाचा विषय आला म्हणून सांगते. मुंडकाराचं घर मुंडकाराच्या नावावर नसे. भाटकाराला न विचारता चिरा बसवायची सोय नव्हती, उद्या उठवलं तर? १९७५ चा मुंडकार कायदा आला, त्याने घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण दिलं. पुढे आजोबांनी आधी जमीन सिमेंटची केली, मग विहिरीला कठडा बांधला, मग मागे संडास. हे सगळं जमिनीच्या कायद्यात मोडतं. पण माझं मत विचाराल तर आमच्या वाडीवरची किती मुलं त्या कायद्याने वाचवली याचा हिशेब एखाद्या डॉक्टरने मांडायला हवा.

आता गोव्यात मुलं मरत नाहीत म्हटलं तरी चालेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा अर्भक मृत्युदर हजारी ५.६ निघाला, देशाचा ३५.२. जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात. आजीच्या नऊतल्या चारांशेजारी हा आकडा ठेवला की हात जोडावेसे वाटतात. पण त्याच पाहणीचं पुढचं पान उलटा. उंचीच्या मानाने फार बारीक असलेली मुलं गोव्यात १९.१ टक्के, देशात १९.३. म्हणजे मरणाच्या बाबतीत आपण युरोपच्या रांगेत आणि ताटाच्या बाबतीत इतर सगळ्यांसोबत! वयाच्या मानाने खुजी २५.८ टक्के, त्याआधीच्या पाहणीत २०.१ होती. सहा महिने ते पाच वर्षांची निम्म्याहून जास्त मुलं रक्त कमी असलेली, ५३.२ टक्के. गोवा लहान, पाहणीतली घरं थोडी, तेव्हा एखाद-दुसऱ्या टक्क्यावरून भांडण्यात अर्थ नाही. एवढं खरं, की मूल उरवायला आपण शिकलो, वाढवायचं राहिलं.

आईला हे आकडे वाचून दाखवले तेव्हा तिने मान हलवली. ‘अकरा वाजता कुणाच्याही घरी जा,’ ती म्हणाली. मी तिच्याबरोबर गेले होते. बरी परिस्थिती, स्लॅबचं घर, फ्रीज. दीड वर्षांची मुलगी, दंडाला फीत लावली तर पिवळ्यात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; साडेबारापर्यंत पिवळा. आईने उपदेश केला नाही, उठायची घाई केली नाही, गप्पा मारत बसली. अकराला त्या मुलीची आजी चहा घेऊन आली, त्यात दोन बिस्किटं बुडवून नातीला भरवली. साडेबाराला मुलीने भात नको म्हणून मान फिरवली. ‘बघलंस? जेवतच नाय,’ आजीने आईलाच साक्षीला घेतलं. चहाने लोह अडतं आणि बिस्किटाने भूक मरते. पण बिस्किट हे आमच्याकडे प्रेमाचं चलन आहे, ते एकदम कसं बंद करणार! आईने विचारलं, ‘काल रातचो बांगडो हा?’ मग काटे काढून, भातात कुस्करून, वर खोबरेल सोडून तिने आठ घास भरवले. शाळेत शिकलेली सून दारात उभी राहून बघत होती. तिला हे येत नव्हतं असं नाही. घरात तिचं चालत नव्हतं.

लाल फीत मी आयुष्यात एकदाच पाहिली, आमच्या कुणाच्या दंडावर नाही. आई निवृत्त व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. रस्त्याच्या वरच्या बाजूला बांधकाम चालू होतं, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. घरातली बाई उत्तर कर्नाटकातली, मराठी समजत होती. टँकरचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात, झाकण नाही, मूल त्यात हात घालून खेळत होतं. दुपारी पत्रा असा तापलेला, की आत उभं राहवेना. मूल चौदा महिन्यांचं, त्याच्या मागे चार महिन्यांचं दुसरं पोटात. फीत लाल. आईने दोनदा लावली, मग माझ्या हातात दिली, तिसऱ्यांदा मी लावली. तिने दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, केळी आणि अंगणवाडीतलं पाकीट दिलं, गुरुवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

त्या बाईचं नाव वहीत घालताना पत्ता काय लिहायचा यावर आईचं अडलं. शेवटी तिने लिहिलं, ‘वडाच्या वर.’

गुरुवारी आम्ही गेलो. दुसऱ्या कामावर नेलं म्हणून तिथला वॉचमन म्हणाला. कुठे, ते त्याला सांगता आलं नाही. पत्रे उतरवून एकावर एक रचलेले होते. पिंप होतं तिथे जमीन अजून ओली होती. घरी येऊन आईने वही उघडली. मृत्यूचा रकाना होता, सुधारल्याचा होता. तिने दोन्ही रिकामे सोडले, नावावर पेन्सिलने टिंब केलं आणि वही मिटून घेतली. निवृत्त होताना नव्या सेविकेला वह्या सोपवल्या तेव्हा ती वही तिने वरती ठेवली होती.